बाबांची टाटा मोबाइल आणि आखाजीचा मुहूर्त

वाचकाचं पत्र:

काका, नमस्कार. मी चोपडा तालुक्यातला, वय ३४, केळी आणि कपाशी करतो. वडिलांनी १९९७ मध्ये टाटा मोबाइल २०७ पिकअप घेतली होती. वीस वर्षं तिने केळीचे घड वाहिले, खतं वाहिली, आम्हा भावंडांना शाळेत सोडलं. २०१७ मध्ये वडील गेले, तेव्हापासून गाडी खळ्यात निंबाखाली उभी आहे. आरसी, म्हणजे नोंदणीचा कागद, अजून त्यांच्याच नावावर आहे. तिच्यावर पतसंस्थेचा बोजा दिसतो. कर्ज केव्हाच फिटलं, पण ती पतसंस्था आता बंद आहे. थोरला भाऊ म्हणतो, भंगारात देऊ, पैसे वाटून घेऊ. आई म्हणते, “तुन्हा बापनी गाडी शे ती, भंगारमा देऊ नको.” मी शेतातले पंप, मोटारी स्वतः उघडतो, वेल्डिंगही येतं. हाताशी दीड लाख आहेत. खळ्यातच गाडी नवी करावी, मोठे टायर टाकावेत, पुढे लोखंडी गार्ड, मागे बसायला दोन बाकं, जमलं तर टर्बो, असा विचार आहे. येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणीला याच गाडीतून माहेरी आणायचंय. सुरुवात इंजिनापासून करू की पत्र्यापासून?

उत्तर:

भाऊ, पहिला पाना फिरवायच्या आधी आरसी घेऊन जळगावला आरटीओत जाऊन या. इंजिन की पत्रा या प्रश्नाला हे उत्तर कोरडं वाटेल. पण घरी गाडी नवी करायला घेतलेल्यांची जी अर्धवट कामं मी पाहिली, त्यातली कितीतरी कागदापायी अडली होती. रंग मारून, हार घालून गाडी दारात उभी, आणि रस्त्यावर काढायची सोय नाही. दीड लाख आणि सहा महिन्यांचे रविवार घालून हे पाहायची वेळ तुमच्यावर येऊ नये.

मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ मध्ये अर्ज करायचा, असा नियम आहे. तुम्हाला वर्षं लोटली. तरी दार बंद झालेलं नाही, दंड भरून नाव लागतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती जोडावी लागेल. वारस म्हणजे आई, थोरले भाऊ आणि बहीणसुद्धा. जिला गाडीतून आणायचंय तिची सही आधी लागणार आहे, हे ध्यानात ठेवा.

बोजा उतरवायला नमुना ३५ आणि कर्ज देणाऱ्याचा ना हरकत दाखला लागतो. पतसंस्था बंद पडली तरी तिचा कारभार वाऱ्यावर नसतो, सहकार खात्याने तिथे सहसा अवसायक, म्हणजे तिचे व्यवहार मिटवणारा अधिकारी, नेमलेला असतो. जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात चौकशी करा, तुमच्या पतसंस्थेचा अवसायक कोण ते कळेल. कर्ज फेडल्याच्या पावत्या वडिलांनी नक्की कुठेतरी ठेवल्या असतील. त्या पिढीची माणसं पावती टाकत नसत. देवघरातली पत्र्याची पेटी, गादीखालची पिशवी, सगळं धुंडाळा. त्याच धांडोळ्यात आणखी एक कागद शोधा: गाडी वापरात नाही असं आरटीओला कोणी लेखी कळवलं होतं का? कळवलं असेल तर कराचा भार हलका होऊ शकतो.

तिसरी गोष्ट थकबाकीची. गाडीची नंबरपाटी पिवळी, म्हणजे धंद्याच्या नोंदणीची असेल, तर आठ वर्षांनंतर फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचा दाखला, दरवर्षी करून घ्यावा लागतो. तुमचा तो इतकी वर्षं झालेला नाही. थकलेला कर, पर्यावरण कर, फिटनेसच्या उशिराचा दंड, विमा, नवी सुरक्षा नंबरप्लेट, या सगळ्याचा हिशेब खिडकीवर जाऊन कागदावर लिहून घ्या. एजंटच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. जुन्या गाडीची फीसुद्धा वयाबरोबर चढत जाते. हा आकडा तुमच्या दीड लाखाचा मोठा लचका तोडणारा निघाला, तर ते आत्ताच कळलेलं बरं. कोणी सांगेल की जुनी गाडी म्हणून ‘व्हिंटेज’मध्ये टाका. तसं होत नाही. त्यासाठी गाडीला ५० वर्षं पूर्ण व्हावी लागतात, आणि तशी गाडी रोजच्या वापरात चालतही नाही.

आता थोरल्या भावाबद्दल. तुमच्या पत्रात ते जरा खलनायकासारखे आलेत. मला ते तसे वाटत नाहीत. गाडी वडिलांची, म्हणजे तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे, एवढंच ते म्हणतायत, आणि ते रास्त आहे. गाडी आहे त्या अवस्थेत भंगारात किती रुपयांना जाईल, हे दोन ठिकाणी विचारून काढा. त्यातला भावाचा, बहिणीचा आणि आईचा वाटा रोख बाजूला काढा. घेणार नाहीत कदाचित, पण पैसे पुढे ठेवा आणि मग संमतीवर सही मागा. उद्या गाडी झळाळली की गावात तिला मोल येईल. तेव्हा ‘माझा हिस्सा’ हा शब्द घरात निघू नये म्हणून हे आत्ताच करायचं.

कागदांचा अंदाज आला की गाडीखाली शिरा. शिरण्याआधी काठीने सीट, बॉनेट, मागचा हौदा ठोकून घ्या. इतकी वर्षं खळ्यात उभ्या असलेल्या गाडीत उंदीर असणारच, आणि जिथे उंदीर तिथे साप येतो. विंचवाचं तर सांगायलाच नको.

खाली तुम्हाला बघायची आहे ती चेसिस, म्हणजे गाडीचा कणा. केळीवाल्याची गाडी वेगळ्या तऱ्हेने कुजते, म्हणून हे जरा खुलवून सांगतो. केळीला पोटॅश भरपूर लागतं आणि आपल्याकडचं लाल-पांढरं पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठाचाच भाऊबंद. गोणी फाटली, दाणे हौद्याच्या फटीतून खाली चेसिसवर पडले, वर पावसाचं पाणी पडलं, की लोखंड आतून खायला सुरुवात होते. त्यात घडांना खरचटू नये म्हणून अंथरलेली केळीची पानं. ती हौद्याच्या कोपऱ्यात ओली राहतात, कुजतात आणि ओल धरून ठेवतात. म्हणून वरून बरा दिसणारा हौदा खालून चाळणी झालेला असतो.

एक छोटा हातोडा आणि जाड स्क्रूड्रायव्हर घ्या. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे, वीत-वीत अंतरावर ठोकत जा. धड लोखंड टणत्कार देतं. गंजलेलं लोखंड भद्द वाजतं, मडक्याला तडा गेल्यावर वाजतं तसं. जिथे आवाज बसला तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. पापुद्रा निघून खाली चकचकीत लोखंड लागलं तर चिंता नाही, टोक आत गेलं तर खडूने गोल करा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर, मागच्या अ‍ॅक्सलच्या वरची कमान, केबिनच्या पाठीमागचा आडवा दांडा, बॅटरीखालची जागा, केबिनची जमीन आणि दरवाज्यांच्या खालच्या कडा, इथे दोनदा बघा. चेसिसवर कोरलेला नंबर डिझेलने पुसून, त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी ताडून पाहा. त्या जागेला ग्राइंडर, वेल्डिंग, जाड रंग काहीही लागू देऊ नका. नंबर वाचता आला नाही तर आरटीओत पुढचं सगळं थांबतं.

खडूचे गोल दोन-चार आणि आडव्या दांड्यांवर किंवा केबिनच्या जमिनीवर असतील, तर तुमचं वेल्डिंग पुरेल. पण मुख्य पट्ट्यांवर, पाट्यांच्या हँगरपाशी लोखंड आरपार गेलं असेल तर मी तुम्हाला काम सोडून द्या असं सांगेन. शेतातलं फाटक जोडण्याचं वेल्डिंग वेगळं आणि टनभर माल घेऊन घाट उतरणाऱ्या गाडीच्या कण्याचं वेगळं. तसं निघालं तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला मात्र देऊ नका. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे ठेव प्रमाणपत्र, म्हणजे गाडी जमा केल्याचा दाखला, मिळतं, नोंदणी रीतसर रद्द होते आणि नवी गाडी घेताना करात सवलत मिळते. खाजगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, मालवाहू गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. आईसाठी स्टिअरिंग आणि समोरची जाळी काढून ठेवा.

चेसिस धड निघाली असं धरून पुढे जातो. बऱ्याच निघतात, टाटा मोबाइलचं लोखंड जाड होतं. १९८८ मध्ये ही गाडी २०६ या नावाने आली. तिच्यावरूनच १९९१ ची सिएरा बेतली. १९४८ सीसीचं जे डिझेल इंजिन तुमच्याकडे आहे तेच १९९४ च्या सुमोलाही होतं. तुम्हाला याचा फायदा असा की इंजिनाचे सुटे भाग मागताना दुकानात ‘जुनी सुमो’ म्हणा, दुकानदार लगेच उठेल. आरसीवर कंपनीचं नाव टेल्को असेल, त्याने गोंधळू नका. टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आलं.

इंजिन चालू करायची घाई तुम्हाला होणार, हे मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकायचा आहे, आईला ऐकवायचा आहे. तरी आधी ब्रेकचं काम करा. चालू झालेली गाडी माणूस खळ्यातून बाहेर काढतोच, ‘फक्त पाटापर्यंत’ म्हणून, आणि तिथेच भिंतीला जाऊन धडकतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. इतक्या वर्षांत व्हील सिलिंडर आतून गंजलेले आणि रबरी कप फुगलेले असणार. मास्टर सिलिंडर, मागचे व्हील सिलिंडर, सगळे रबरी पाइप नवे घ्या. स्टीलचे पाइप गंजलेले दिसले तर तेही. यात काटकसर नको. ब्रेक ऑइलच्या जागी दुसरं कुठलंही ऑइल कधीही टाकू नका, रबर दोन दिवसांत बाद होतं. ड्रम उघडल्यावर आतली भुकटी हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात बसतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

आणि गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका. मी तरुण असताना आमच्या गल्लीत एकाने विटांची थप्पी लावून जीप उचलली होती. वीट सरकली. तो त्या क्षणी चहा प्यायला बाहेर आला होता, म्हणून वाचला. जीपचा ड्रम जमिनीत वीतभर रुतलेला मी पाहिलाय. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे स्टँड, चार घ्या, खळ्याची जमीन मऊ असेल तर खाली जाड फळी किंवा पत्रा टाका, आणि आत शिरण्याआधी गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा.

आता इंजिन. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढून टाका. त्यात पाणी साचलेलं असतं आणि तळाशी काळा चिकट गाळ बसलेला असतो. टाकी खाली उतरवून धुवा. टाकीला भोक दिसलं तर तिथेच वेल्डिंग करायला बसू नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेचा स्फोट होतो, आणि ‘डिझेल पेट घेत नाही’ असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. रेडिएटरवाल्याकडे द्या, ते आधी पाण्याने भरून, वाफ घालवून झाळतात. दोन्ही डिझेल फिल्टर, सगळे रबरी पाइप नवे. इंजिन ऑइल, फिल्टर नवं, १५डब्ल्यू-४० चालेल.

मग हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन चालू होताना आत गरम करणारे प्लग, चारही काढा. प्रत्येक भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. तिसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने, सावकाश, दोन पूर्ण फेरे द्या. फोर स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र दोन फेऱ्यांत पुरं होतं, म्हणून दोन. कुठे अडलं तर जोर करू नका, मागेपुढे हलवत सोडवा. स्टार्टरचा झटका गंजलेल्या रिंगला सहन होत नाही, हाताला मात्र अडथळा कळतो. मोकळं फिरलं की प्लग लावायच्या आधी स्टार्टर थोडा मारा, जादा तेल भोकांतून उडून जाईल. डोळे लांब ठेवा.

डिझेलचा पंप आणि नोझल काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर तपासून जुळवायला, द्या. इथे एक अनुभव सांगतो. भुसावळला राहत असताना एका जुन्या जीपचा पंप मी एका ठिकाणी दिला. पैसे पूर्ण घेतले, चार दिवसांनी पंप मिळाला, बाहेरून चंदेरी रंग मारलेला. आत काहीही उघडलेलं नव्हतं. धूर होता तेवढाच. तेव्हापासून मी पंप टेस्टिंगच्या मशीनवर असताना शेजारी उभा राहतो आणि बदललेले जुने भाग परत मागतो. तुम्हीही दोन्ही करा. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

पहिल्यांदा चालू करताना बरोबर एक माणूस घ्या आणि त्याच्या हातात हवेच्या नळीच्या तोंडावर बसेल एवढी सपाट फळी द्या. हवेच्या फिल्टरची डबी काढून ठेवायची. पंप अडकलेला असेल किंवा तेल वर ओढलं गेलं तर डिझेल इंजिन चावी बंद करूनही थांबत नाही, वेग घेतच जातं. हवा बंद केली की गुदमरून बसतं. हाताने किंवा फडक्याने दाबू नका, ओढलं जातं. फळीच हवी. वाळूची बादली जवळ असू द्या. डिझेलच्या लाइनमधली हवा नीट काढली असेल आणि बॅटरी ताजी असेल, तर पांढरा धूर टाकत टाकत चालू होईल. आईला अंगणात खुर्ची टाकून द्या, धुराच्या वाऱ्याकडे नको.

पाण्याचं सांगायला हवं, कारण आपला उन्हाळा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ ला जातो आणि आखाजी ऐन त्याच दिवसांत येते. आपल्याकडचे कितीतरी मिस्त्री गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून फेकतात. त्याने तापण्याचं मूळ जात नाही, थंड इंजिन मात्र जास्त झिजतं. तापण्याचं मूळ बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतं. बोअरच्या पाण्यातले क्षार जाळीत बसून नळ्या बुजतात. रेडिएटर उघडून, नळ्या मोकळ्या करून किंवा नवी जाळी घालून घ्या, पंख्याचा पट्टा नवा घ्या, नवा थर्मोस्टॅट बसवा आणि कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून भरा.

वायरिंग उंदरांनी खाल्लेलं असणार, सांधत बसू नका, नवं ओढा. हेडलाइटला रिले, म्हणजे दिव्याला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच, लावा. जुन्या गाड्यांत सगळा करंट स्विचमधून फिरून येतो आणि दिव्यापर्यंत पोहोचताना व्होल्टेज गळतं. दोन रिले आणि जाड वायर टाकली की तेच जुने बल्ब उजळतात. वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही तारा सोडा, नाहीतर अल्टरनेटर जळतो.

रंग सगळ्यात शेवटी. हे मी चूक करून शिकलोय. भुसावळच्या त्याच जीपला मी हौसेने आधी रंग दिला आणि नंतर केबिनखाली जोड मारावा लागला. आतून वेल्डिंग केलं तेव्हा बाहेरचा रंग फुगून सुटला, आणि दाराखालचा तो डाग गाडी विकेपर्यंत तसाच राहिला. मिस्त्री गंजावर पुट्टी थापून देतो, दिवाळीत सुंदर दिसते, पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. गंज खरवडून लोखंड उघडं करा, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडं लोखंड एक रात्रही तसं ठेवू नका. आपल्याकडे रंगाला कार्तिक ते माघ हे दिवस सर्वांत चांगले. सकाळी दव उडाल्यावर सुरू करायचं आणि उन्हं कलायच्या आत संपवायचं. चैत्र-वैशाखात पत्रा इतका तापतो की रंग पसरायच्या आत वाळतो, अंगावर संत्र्याच्या सालीसारखे खडबडीत दाणे राहतात, आणि वावटळीची धूळ त्यात बसते. हार्डनर घालून मारायचा दोन भागांचा रंग मात्र स्वतः मारू नका. त्यातला आयसोसायनेट श्वासावाटे गेला तर दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो, रुमाल बांधून भागत नाही. तो थर बंदिस्त जागा असलेल्या पेंटरकडून घ्या. घासणं, प्रायमर, पुट्टी तुम्ही करा, खर्च निम्म्याने तिथेच वाचतो.

राहिले तुमचे बदल. इथे मी तुम्हाला नाराज करणार आहे.

टर्बो नको. ते इंजिन जुन्या धाटणीचं आहे. हेड गॅस्केट, पिस्टन, रेडिएटर हे सगळं त्याच्या मूळ ताकदीच्या मापाने बनलेलं. वर हवा कोंबली की आधी उष्णता वाढते, आणि उष्णता आपल्याकडे आधीच फुकट मिळते. मोठे टायरही नकोत. चाकाचा घेर वाढला की ब्रेकला जास्त जोर लागतो, गिअर जड पडतात, स्पीडोमीटर चुकीचं दाखवतं आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. मूळ मापाचे नवे टायर घ्या. आत्ताच्या टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी ते चालणार नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. वाचून बघा, त्यांचं वय कळेल.

लोखंडी गार्डवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. धडकेत ते गार्ड सगळा दणका सरळ चेसिसला देतं, आणि समोर माणूस आला तर त्याचं काय होतं ते सांगायला नको. एकूणच बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेली मूळ रचना नोंदणीच्या कागदापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलं. रंग बदलला तरी आरसीत नोंद करून घ्या. न कळवता बदल केलेल्या गाडीला अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते.

आणि बाकं. भाऊ, ही एक गोष्ट माझ्या सांगण्याखातर पूर्ण सोडून द्या. मालाच्या हौद्यात माणसं बसवणं बेकायदा तर आहेच, त्यांना विम्याचं संरक्षणही नसतं. आपल्याकडे वऱ्हाडाच्या, जत्रेच्या, मजुरांच्या पिकअप उलटल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. हौद्यात बसलेल्या माणसाला धरायला काही नसतं. गाडी एकदा कलंडली की तो आधी बाहेर पडतो आणि गाडी त्याच्यावर. बाकं बसवली की ‘आज फक्त दोन किलोमीटर’ म्हणून पोरं चढणार, तुमचीच, तुमच्या बहिणीची. बाकंच नसली तर तो प्रश्नच उठत नाही.

हौस मारायची नाही, ती योग्य जागी वळवायची आहे. केबिनमधली सीट उसवून चांगला फोम भरा आणि तिला खांद्यावरून येणारे पट्टे बसवून घ्या. छताच्या आतून उष्णतारोधक चादर लावा, वैशाखात त्याचं मोल कळेल. हौद्याच्या तळाला नवा पत्रा टाकताना कोपऱ्यांत पाणी निघायला भोकं ठेवा आणि वर रबरी मॅट अंथरा, म्हणजे पुन्हा पोटॅश लोखंडावर पडणार नाही. समोरची जाळी पॉलिश करा. दारावर वडिलांनी काही लिहून घेतलं असेल, गावाचं नाव, कुलदैवताचं नाव, तर खरवडण्याआधी त्याचा फोटो आणि ट्रेसिंग घेऊन ठेवा. तीच अक्षरं पुन्हा त्याच जागी, हाताने लिहून घ्या. चोपड्यात, अमळनेरात असे पेंटर अजून आहेत.

पैशाचं एवढंच सांगतो: दीड लाखातले पन्नास हजार वेगळे काढा आणि ते आहेत हे विसरा. उघडल्यावर जे निघेल ते त्यातून करायचं आहे. कागदांचा खर्च, ब्रेक, टायर, रेडिएटर हे आधी. रंगाला पैसे उरले नाहीत तर गाडी प्रायमरवर फिरवा, कोणी हसत नाही.

तुम्ही पोळ्यानंतर पत्र लिहिलंय. आखाजीपर्यंत सात-आठ महिने हाती आहेत. त्यातले दोन कागदांचे धरा. एक शंका तुमच्या मनात येईल, की या आखाजीला नाहीच झाली तर? तर बहिणीला एसटीने आणा, आणि गाडी पुढच्या वर्षी. अर्धवट ब्रेकच्या गाडीतून तिला आणायचं नाही. गाडी झाली, तरी त्याआधी महिनाभर रिकामी, मग थोडा माल भरून, गावातल्या गावात आणि दिवसा फिरवा. प्रत्येक फेरीनंतर चाकांना हात लावून बघा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर ब्रेक धरून राहतोय. खाली पुठ्ठा टाका, सकाळी कुठे थेंब पडलाय ते दिसेल.

येत्या भाऊबीजेला बहीण घरी येईल. संमतीचा कागद तोवर तयार ठेवा. ओवाळणं झालं की थोरल्या भावालाही बसवून घ्या, तिघांच्या सह्या एकाच दिवशी होतील. आणि चेसिस नंबरची पेन्सिलची छाप जमली की तिचा फोटो मला पाठवा, खडूचे गोल किती पडले तेही कळवा. वेल्डिंग कुठे मारायचं आणि कुठे नाही, ते त्यावरून सांगतो.